महापालिकेच्या खोलीचं भाडं थकलं, नोटीस आली, आणि मोफत विधी सेवा ऑफिसचा आमचा अनुभव (साडेचार स्टार)

जिल्हा कोर्टाच्या आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं ऑफिस असतं, तालुक्याच्या कोर्टात तालुका विधी सेवा समिती असते, आणि तिथं मोफत वकील मिळतो. पालिकेच्या खोलीचं भाडं थकलंय, नोटीस आलीय, अशा भानगडीत हा वकील कामाचा असतो का, तर हो, लई कामाचा असतो, आणि आमच्या चाळीत हे कुणालाच माहीत नव्हतं म्हणून एवढं सविस्तर लिहायलेय. आमच्याकडं सगळ्यांचा समज असा की सरकारी फुकट वकील फक्त गुन्ह्यातल्या आरोपीला देतात. तसं नाही, घराच्या, भाड्याच्या, पोटगीच्या, थकलेल्या पगाराच्या प्रकरणातबी देतात. गावाचं नाव लिहीत नाही कारण आमचं प्रकरण अजून हप्त्यावर चालू आहे, मराठवाड्यातली एक महापालिका एवढं समजून घ्या.

आमचं काय होतं ते आधी थोडक्यात सांगते. खोली आजोबांच्या नावावर, नगरपालिका होती तेव्हाचं वाटप, बैठी चाळ. वडील मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारात, हमाल. मोंढ्याचं काम हंगामाचं, दिवाळीच्या आसपास सोयाबीन येतं, मग तूर, हरभरा, ते चार-पाच महिने बरे जातात, बाकी वर्ष कसंबसं. 2020 च्या लॉकडाऊनमधे मोंढा कधी बंद कधी चालू, त्यातून सावरतोय तोच वडिलांची कंबर गेली, पोतं उचलणं बंद झालं, आता ते तिथंच राखणीचं काम करतात, पैसे निम्म्यावर आले. घरात पैसे कमी पडले की आधी किराणा, मग दवाखाना, मग भावाची फी, आणि भाडं सगळ्यात शेवटी, कारण भाडं मागायला रोज कुणी दारात येत नाही. महिन्याला 600 रुपये. ऐकायला काहीच नाही, पण वर्षानुवर्ष साठलं की काय होतं ते दारावर नोटीस चिकटवल्यावर कळलं. नोटीस आजोबांच्या नावानं, ते जाऊन किती वर्षं झाली, आणि खाली एकूण थकबाकी 91 हजार, भरा नाहीतर खोली खाली करा.

भीती कशाची वाटत होती ते इथल्या लोकांना सांगायची गरज नाही. संभाजीनगरची लेबर कॉलनी मे 2022 मधे पाडली ते सगळ्यांनी टीव्हीवर बघितलंय. तिथला विषय वेगळा होता, ते सरकारी क्वार्टर होते, भाड्याची थकबाकी हे कारण नव्हतं, पण बुलडोझरसमोर भांडी घेऊन उभ्या असलेल्या बायका एकदा बघितल्या की ते डोक्यातून जात नाही. आईचं जेवण कमी झालं. वडील बोलेनासे झाले.

आणि मग सल्ले सुरू झाले. एक एजंट आला, म्हणाला साहेबांपशी माझं बसणं-उठणं आहे, 12 हजार द्या, फाईल खाली दाबून ठेवतो. फाईल दाबली म्हणजे थकबाकी कमी होत नाही, ती वाढतच राहते, हे त्यानं सांगितलं नाही. शेजारच्या काकांनी सांगितलं बचत गटाच्या नावाखाली कर्ज देणारी कंपनी आहे, आठवड्याचा हप्ता, लगेच पैसे. एक जण म्हणाला काही भरू नका, भाडेनियंत्रण कायदा आहे, भाडेकरूला कुणी काढू शकत नाही. हा शेवटचा सल्ला सगळ्यात घातकी निघाला, का ते पुढं सांगते.

मी मेडिकलवर काम करते, तिथं येणाऱ्या एका नर्सताईनं 15100 नंबर सांगितला. तो विधी सेवेचा देशभराचा हेल्पलाईन नंबर आहे. त्यांनी सांगितलं की जिल्हा कोर्टात जा, जाताना नोटीस अन् आधार कार्ड न्या.

ऑफिसात गेल्यावर पहिली चांगली गोष्ट ही की बाहेरच्या टेबलावर एक विधी स्वयंसेवक ताई होत्या, काळा कोट नाही, साधी साडी, त्यांनी आईला मावशी म्हणून बसायला खुर्ची दिली आणि नोटीस पूर्ण वाचली. पूर्ण म्हणजे मागची बाजूसुद्धा. नोटीस आल्यापासून तोवर ती कुणीच पूर्ण वाचली नव्हती, पालिकेच्या खिडकीवरच्या माणसानंबी नाही. अर्ज कुणाच्या नावानं करायचा हे ताईंनीच सुचवलं, आईच्या नावानं करा म्हणाल्या. कारण 1987 चा विधी सेवा प्राधिकरण कायदा आहे, त्याच्या कलम 12 मधे महिलेला मोफत वकिलासाठी उत्पन्नाची अटच नाही. वडिलांच्या नावानं केला असता तर महाराष्ट्रात वर्षाला 3 लाखाच्या आतलं उत्पन्न दाखवावं लागलं असतं, म्हणजे तहसीलचा दाखला, म्हणजे अजून दिवस. अनुसूचित जाती-जमाती, अपंग, औद्योगिक कामगार यांनाबी उत्पन्नाची अट नाही. आणि आपल्या भागासाठी महत्त्वाचं, पूर, दुष्काळ, भूकंप असल्या आपत्तीत सापडलेल्यांनापण हा हक्क आहे, कायद्यात तसे शब्दच लिहिलेत. अर्ज एका पानाचा, पैसे शून्य. वकील मॅडम मिळाल्यावरबी कागदाचे, टायपिंगचे, कशाचेच पैसे घेतले नाहीत. कुणी मागितले तर देऊ नका, तिथल्या सचिवांना सांगा, सचिव स्वतः न्यायाधीश दर्जाचे असतात.

आता वकील मॅडमनी काय केलं ते, कारण खरा रिव्ह्यू त्याचाच आहे.

त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो असा की हे 91 हजार कशाचे? आम्ही म्हणालो भाड्याचे. त्या म्हणाल्या, 600 रुपये भाड्यानं 91 हजार व्हायला किती महिने लागतील ते बघा, दीडशे महिने, म्हणजे साडेबारा वर्षं, तुम्ही साडेबारा वर्षं भाडं भरलं नाही का? तसं अजिबात नव्हतं. मग त्यांनी मालमत्ता विभागाला एक पत्र लिहून दिलं, आमच्या खोलीचा खातेउतारा आणि मागणी रजिस्टरची नक्कल द्या, आणि सोबत माहिती अधिकाराचा अर्ज, 10 रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून, म्हणजे पत्राला दाद दिली नाही तरी 30 दिवसांत उत्तर देणं त्यांना भाग. दोन्हीवर आवक विभागाचा शिक्का घेऊन पोच घरी ठेवा म्हणाल्या. पोच नसेल तर अर्ज दिलाच नाही असं समजा, हे त्यांचं वाक्य आई आता चाळीत सगळ्यांना सांगायलीय.

उतारा आला तेव्हा आकडा फुटला. भाडं 48 हजार, पाणीपट्टी 16 हजार, आणि व्याज-दंड म्हणून 27 हजार. तीन वेगळ्या गोष्टी एका बेरजेत घातलेल्या. आणि भाड्याच्या 48 हजारातसुद्धा दोन वर्षांचे 14,400 रुपये असे होते जे आजोबांनी भरलेले होते, पावत्या आजीच्या पेटीत प्लास्टिकच्या पिशवीत निघाल्या, हातानं लिहिलेल्या पावती पुस्तकातल्या. कॉम्प्युटरवर खातं चढवताना त्या राहून गेल्या असाव्यात. म्हणजे खरं थकलेलं भाडं 33,600. त्या न थकलेल्या 14,400 वर वर्षानुवर्ष व्याज लागत होतं.

मला इथं थोडं थांबून हेच सांगायचंय, कारण चाळीत बारा-पंधरा घरांना अशाच नोटिशी आहेत आणि सगळे खालचा आकडा बघून हादरून जातात. खालच्या आकड्यावर जाऊ नका. तो कशाकशाचा बनलाय ते आधी लेखी मागा. भाडं किती, कुठल्या महिन्यापासून कुठल्या महिन्यापर्यंत, मधे दर वाढला असेल तर कुठल्या ठरावानं आणि कधीपासून, पाणी किती, व्याज किती आणि कुठल्या दरानं. मॅडमनी व्याजाबद्दल एक गोष्ट सांगितली ती मला आधी माहीतच नव्हती. घरपट्टी थकली तर दरमहा 2 टक्के शास्ती लागते, ते महापालिका कायद्यातच आहे. पण घरपट्टी वेगळी अन् भाडं वेगळं. भाड्यावर व्याज लावायचं असेल तर ते वाटपाच्या आदेशात, करारनाम्यात किंवा सभेच्या ठरावात कुठंतरी लिहिलेलं पाहिजे, आणि ते दाखवा असं विचारायचा आपल्याला हक्क आहे. आम्ही विचारलं. उत्तर लगेच आलं नाही, पण पुढं बोलणी झाली तेव्हा याच प्रश्नाचा सगळ्यात जास्त उपयोग झाला.

आता तो भाडेनियंत्रण कायद्याचा सल्ला. 1999 चा महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा खाजगी घरमालकाच्या भाडेकरूला बऱ्यापैकी संरक्षण देतो, भाडं थकलं तरी मालकाला आधी नोटीस देऊन 90 दिवस थांबावं लागतं आणि मगच दावा. पण त्याच कायद्याच्या कलम 3 मधे सरकारच्या आणि स्थानिक संस्थेच्या मालकीच्या जागा वगळलेल्या आहेत. म्हणजे आपल्याला तो लागूच नाही! आपल्याला लागू महापालिका अधिनियमाचं कलम 81-ब, त्यात दोन महिन्यांपेक्षा जास्त भाडं थकलं तरी खोली खाली करायचा आदेश आयुक्त देऊ शकतात, दिवाणी कोर्टात दावा लावायची गरज नाही. ऐकून आईच्या पोटात गोळा आला. पण त्याच कलमात पुढं दिलासाबी आहे. आदेशाआधी कारणे दाखवा नोटीस द्यावीच लागते, आपलं म्हणणं ऐकावंच लागतं. आणि भाडं थकलं एवढ्याच कारणानं आदेश झाला असेल, तर नोटीस मिळाल्यापासून एक महिन्यात, किंवा आयुक्त जास्त मुदत देतील तेवढ्यात, थकबाकी भरली तर तो आदेश रद्द करावाच लागतो. आयुक्तांची मर्जी तिथं चालत नाही, कायदाच तसं सांगतो. शिवाय आदेशाविरुद्ध मुदतीच्या आत जिल्हा न्यायाधीशांकडं अपील आहे. म्हणून मॅडमचं म्हणणं असं की नोटिशीला उत्तर न देता बसणं हे सगळ्यात वाईट, उत्तर एका पानाचं असलं तरी चालेल पण तारखेच्या आत पाहिजे. नगरपालिका, नगरपंचायत असेल तर महापालिकेचा हा कायदा लागू नाही, तिथं वकिलाला वेगळं विचारा, आमच्यावरून अंदाज बांधू नका.

जुन्या थकबाकीबद्दल पण एक मुद्दा होता. भाड्याच्या वसुलीच्या दाव्याला साधारण तीन वर्षांची मुदत असते. आणि 1976 मधे सुप्रीम कोर्टानं न्यू दिल्ली म्युनिसिपल कमिटी विरुद्ध कालूराम या प्रकरणात असं म्हटलंय की मुदतबाह्य झालेलं भाडं सरकारी जागेच्या झटपट वसुलीच्या रस्त्यानं वसूल करता येत नाही. मॅडमनी हे मांडलं, पण आम्हाला आधीच स्पष्ट सांगून ठेवलं की तो निकाल दुसऱ्या कायद्याखालचा आहे, इथं तसाच लागेल अशी खात्री मी देणार नाही, आणि मुळात तुम्हाला खोली टिकवायचीय, नुसती केस जिंकायची नाही. मला हे फार आवडलं. खाजगी वकिलाकडं आम्ही एकदा विचारून आलो होतो, तिथं पहिल्या पाच मिनिटांत स्टे आणून देतो म्हणून सांगितलं होतं आणि फीचा आकडा सांगितला तो जवळजवळ निम्म्या थकबाकीएवढा.

सुनावणीला मॅडम स्वतः आल्या. उपायुक्तांसमोर पावत्या ठेवल्या, उतारा ठेवला, वडिलांचे दवाखान्याचे कागद ठेवले, आणि प्रकरण राष्ट्रीय लोकअदालतीत ठेवा अशी विनंती केली. लोकअदालतीत कोर्टात न गेलेली प्रकरणंबी घेतात, त्याला दाखलपूर्व प्रकरण म्हणतात. आपल्याकडं घरपट्टी-पाणीपट्टीच्या नोटिशी लोकअदालतीच्या नावानं येतात आणि लोक त्या फाडून टाकतात किंवा घाबरतात, खरं तर ती तडजोडीची जागा आहे. वर्षातून चार वेळा असते, बहुतेक शनिवारी. फी नाही. समोर न्यायाधीश, वकील, समाजसेवक असं पॅनल बसतं. आरडाओरडा नाही, कटघरा नाही, टेबलाभोवती खुर्च्या.

तिथं जे ठरलं ते असं. भाडं 33,600, पाणीपट्टी 16 हजार, आणि व्याजापोटी 5,400, एकूण 55 हजार. त्यातले 10 हजार आधी, बाकी 45 हजार हप्त्यानं. हप्त्याबद्दल पालिकेच्या माणसाचं म्हणणं होतं की दरमहा सारखी रक्कम. मॅडमनी पॅनलला मोंढ्याचं गणित समजावून सांगितलं, की सोयाबीन-तुरीच्या महिन्यांत या घरात पैसा असतो आणि मृग लागला की नसतो, त्यामुळं सारखा हप्ता ठेवला तर पावसाळ्यात चुकणारच. मग दिवाळीनंतरचे पाच महिने 4 हजार आणि बाकीचे महिने दीड हजार असं बसवलं. चालू भाडं 600 वेगळं, ते दर महिन्याला भरायचंच. पॅनलवरच्या न्यायाधीश साहेबांनी आईला स्वतः विचारलं, मावशी झेपेल का, कुणाच्या दबावाखाली हो म्हणत नाही ना. आईनं घरी दोन दिवस हिशोब करून ठेवला होता तो कागद काढून दाखवला. त्यांनी तो वाचला.

इथं एक गोष्ट नीट समजून घ्या, लोकअदालतीचा निवाडा हा दिवाणी कोर्टाच्या हुकूमनाम्यासारखाच असतो आणि त्यावर अपील नसतं. सही केली की केली. म्हणून दबावात येऊन, गर्दीत, शनिवारी दुपारी भूक लागली म्हणून सही करू नका. आमच्या समोरच्या टेबलावर एका दादांनी तीन महिन्यांत सगळं भरतो म्हणून सही केली, त्यांचा चेहरा बघूनच कळत होतं की जमणार नाही. तडजोड पटली नाही तर नाही म्हणता येतं, प्रकरण जिथं होतं तिथं परत जातं, तुमचं काही बिघडत नाही. सही करायच्या आधी एवढंच बघा की सगळ्यात वाईट महिन्यात तो हप्ता निघतो का. चांगल्या महिन्याच्या हिशोबावर हो म्हणू नका.

कर्ज काढून थकबाकी भरू का, हे मी मॅडमना विचारलं होतं. त्या म्हणाल्या, पालिकेचं देणं तडजोडीत कमी होऊ शकतं, लांबवता येतं, आठवड्याच्या हप्त्याच्या कर्जाचं तसं होत नाही, तिथं दर आठवड्याला माणूस दारात येऊन बसतो. आमच्या गल्लीत दोन घरांनी काढलं. पालिकेची थकबाकी मिटली आणि आता बाई दागिना ठेवून हप्ते भरायलीय. एजंटला पैसे देऊन फाईल दाबलेल्या घराला या वर्षी परत नोटीस आली, आकडा वाढवून.

अर्धा स्टार का कापला ते आता. पहिल्यांदा जे वकील नेमून दिले होते ते तारखेला आलेच नाहीत, फोनबी उचलला नाही, नोटिशीची मुदत अंगावर आलेली. ताईंनी सांगितलं वकील बदलून मागता येतो, सचिवांच्या नावानं अर्ज द्या, दिला, आणि या मॅडम मिळाल्या. म्हणजे सोय आहे, पण ती आपणहून कुणी सांगत नाही, विचारावी लागते. दुसरं, ऑफिस कामाच्या दिवशी कामाच्या वेळेतच, म्हणजे रोजंदारीवरच्या माणसाला प्रत्येक वेळी रोज बुडवून जावं लागतं, महिन्यातून एक रविवार तरी ठेवावा असं मनापासून वाटतं. तिसरं, नेमणुकीचं पत्र कोर्टाच्या मराठीत, आईला एक ओळ समजली नाही, मलाच दोनदा वाचावं लागलं. ज्यांच्यासाठी ही सेवा आहे त्यांना वाचता येईल असं दोन ओळीत लिहायला काय हरकत आहे. आणि बोर्ड. कोर्टाच्या आवारात आत गेल्यावर बोर्ड दिसतो, पण पालिकेच्या वसुलीच्या खिडकीवर, जिथं खरी गरज आहे, तिथं एक कागदसुद्धा लावलेला नाही. नोटिशीच्याच खाली 15100 छापला तर किती घरं वाचतील.

पालिकेबद्दलबी एक सांगते, सगळेच वाईट नव्हते. खिडकीवर हिडीसफिडीस होती, पण आत रेकॉर्डला एक वयस्कर बाबू होते, त्यांनी जुनं पावती पुस्तक शोधून काढलं, धूळ झटकली, आजोबांच्या पावत्यांचे नंबर जुळवून दिले आणि नकलेवर सही केली. त्यांनी ते केलं नसतं तर 14,400 गेले होते.

जाणाऱ्यांनी सोबत काय न्यायचं ते विचारतात म्हणून लिहिते. नोटीस, ती ज्या पाकिटात आली ते पाकीट असेल तर तेबी, कारण मुदत मिळाल्याच्या तारखेपासून मोजतात. दारावर चिकटवली असेल तर त्या दिवशीचा मोबाईलवर फोटो काढून ठेवा, तारीख राहते. वाटपाचा आदेश किंवा करारनामा, नसेल तर पालिकेकडून नक्कल मागा. जितक्या सापडतील तितक्या पावत्या, फाटक्या असल्या तरी. लाईट बिल, रेशन कार्ड, म्हणजे तुम्हीच तिथं राहता हे दिसतं, खोली दुसऱ्याला दिली नाही हे दिसतं, कारण पोटभाडेकरू ठेवला तर ते खोली काढून घ्यायचं वेगळं कारण होतं. घरात आजारपण असेल तर त्याचे कागद. सगळ्याची झेरॉक्स दोन-दोन, ओरिजिनल कुणाच्याच हातात देऊन येऊ नका, वकिलाच्यासुद्धा नाही.

आणि खोली अजून आजोबांच्याच नावावर असेल, आमच्यासारखी, तर वारस नोंदीचा अर्ज थकबाकीच्या प्रकरणासोबतच द्या. आम्हाला मॅडमनी तेच करायला लावलं, मृत्यूचा दाखला, वारसांचं शपथपत्र आणि आईच्या नावाला बाकी वारसांची संमती, काका-आत्यांच्या सह्या घ्यायला मी परळीपर्यंत जाऊन आले. नाव लागलं नाही तर पुढची नोटीस परत मेलेल्या माणसाच्या नावानंच येणार, आणि कुणी दुसरा वारस उभा राहिला तर तुम्ही भरलेल्या हप्त्यांवरून घरात भांडण. हप्त्याची पावती घेताना भरणाऱ्याचं नाव आईचं लिहा असं प्रत्येक वेळी सांगतो, खिडकीवरचा माणूस कंटाळतो, पण लिहितो.